भाजल्यावरची पहिली २० मिनिटं

फोडणी उडाली, कुकरची वाफ मनगटावर आली, चहाचं पातेलं कलंडलं, की सगळं घर टूथपेस्ट नाहीतर बर्फ शोधायला धावतं. धावायचं असतं ते नळाकडे. तेल पुसून टाकलं, गॅस बंद केला, तरी कातडीत शिरलेली उष्णता आत उतरतच राहते. भाजणं अजून संपलेलं नसतं.

बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे सांगितले आणि आजही डॉक्टर जखमेकडे त्याच नजरेने पाहतात. मधोमध असतो मेलेला भाग. तिथली प्रथिनं उष्णतेने गोठलेली असतात, ती पेशी परत येत नाही. सगळ्यात बाहेर असतो लालबुंद भाग, तो आपोआप बरा होतो. खरी लढाई असते या दोन्हींमधल्या पट्ट्यात. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण बारीक रक्तवाहिन्यांना इजा झालेली असते, रक्तपुरवठा मंदावलेला असतो. पुढच्या एकदोन दिवसांत हा पट्टा वाचू शकतो किंवा मरू शकतो. तो मेला तर वरवरचं भाजणं खोल होतं, महिनाभर चिघळतं, व्रण राहतो. तो वाचवायची पहिली संधी डॉक्टरांच्या आधी घरातल्या माणसांना मिळते.

त्यासाठी लागतं वाहतं, गार पाणी, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावूनच. दोन मिनिटांनी बरं वाटलं म्हणून हात बाहेर काढला की पुन्हा आग होते, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. पाणी उष्णता तर खेचून घेतंच, शिवाय सूज आणि दाह कमी करतं आणि तो मधला पट्टा तग धरतो. लगेच पाणी मिळालं नाही, तरी तीन तासांच्या आत केलेल्या या उपायाचा फायदा होतो.

आता आपल्याकडची अडचण. नळाला दिवसभर पाणी असेलच असं नाही. मग बादलीतून तांब्या-तांब्याने हळूहळू धार धरा. नाहीतर ओला सुती कपडा ठेवा आणि तो कोमट झाला की बदलत राहा. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. तेव्हा माठातलं पाणी घ्या. बर्फ मात्र नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या पट्ट्याला रक्त हवं त्याचंच रक्त तुटतं.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण काढा. सूज चढली की बांगडी रुतते, आणि मग ती कापावी लागते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. त्याच्यावरूनच पाणी सोडा. तान्ह्या बाळाला किंवा खूप भाजलेल्या माणसाला हुडहुडी भरू शकते, म्हणून जखमेवर पाणी घाला पण बाकीचं अंग चादरीत गुंडाळा.

‘पाणी लावलं की फोड येतात’ ही समजूत अजून घराघरांत आहे, आणि तिने फार नुकसान केलंय. फोड येतो तो कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटून मधे द्रव साचतो म्हणून. पाणी नसतं लावलं तरी तो आलाच असता. तो फोडू नका, वरची कातडी म्हणजे फुकटची निर्जंतुक पट्टी आहे. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांतलं काहीही लावू नका. तुपाने उष्णता आत कोंडते, इतर गोष्टींतून जंतू जातात, आणि जखम किती खोल आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांना तो सगळा लेप खरवडून काढावा लागतो. हे खरवडणं किती वेदना देतं, याचा विचार लेप लावणाऱ्याने करावा. पाण्यानंतर जखमेवर स्वच्छ, सैलसर सुती कपडा पुरतो.

दवाखान्यात कधी न्यायचं? भाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या तळहाताएवढा, बोटांसकट, भाग म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. त्याहून मोठं भाजणं, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रियांवरचं भाजणं, लहान मूल, म्हातारं माणूस, धूर नाकातोंडात गेलेला असणं, विजेचा धक्का, यांपैकी काहीही असलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा. जखम पांढरीफटक किंवा चामड्यासारखी दिसतेय आणि दुखतही नाही, हे सगळ्यात वाईट लक्षण. दुखत नाही कारण तिथल्या मज्जातंतूंची टोकंच जळालेली असतात.

कपडे पेटले तर पळणारा माणूस ज्वाळेला वारा देतो. उभ्या माणसाच्या ज्वाळा चेहऱ्याकडे चढतात, म्हणून त्याला आधी आडवं करा, लोळवा, सतरंजी किंवा जाड सुती गोधडीने झाका. आग विझली की गोधडी बाजूला काढा आणि पाणी सुरू करा.

लहान मुलं बहुतेक ज्वाळेने नव्हे, गरम पाण्याने भाजतात. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या अमेरिकी संशोधकांनी मोजून दाखवलं की ४४ अंशांना त्वचा मरायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना साधारण पाच सेकंद. मुलांची कातडी पातळ, त्यामुळे त्यांना तेवढाही अवधी मिळत नाही. आपल्याकडे आधी कढत पाणी बादलीत ओततात, मग विसण घालतात, आणि मधल्या क्षणात रांगतं मूल बादलीशी पोचतं. क्रम उलटा करा: बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम. वाफेचंही भान हवं. १ ग्रॅम उकळतं पाणी कातडीवर थंड होताना ६५ च्या आसपास कॅलरी देतं. तेवढीच वाफ पाणी होतानाच ५४० देते, वर ते ६५.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच टाकू नका. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन शेकडो पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, झाकण सरकवत ठेवा, आणि कढई हलवू नका. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर लक्षात ठेवा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत साचतो. दिव्याचं बटण ना लावायचं ना बंद करायचं. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन घराबाहेर गेल्यावरच करा.