पार्श्वभूमी : कीबोर्डवरच्या व्हायोलिनला गज कुठून आला?

घोडबंदर रोडवरच्या सेटवर मालिकेचं शूटिंग होतं आणि लगोलग त्या भागाला पार्श्वसंगीत लागतं. दार धाडकन लोटलं जातं, कॅमेरा तिघांच्या चेहऱ्यांवर फिरतो आणि मागे व्हायोलिनांचा ताफा उसळतो. त्या ताफ्यातला एकही वादक अनेकदा खोलीत नसतो. ठाण्यात किंवा ऐरोली-नेरुळला एखाद्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये एकजण हेडफोन लावून बसलेला असतो. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात एका चाकावर किंवा वर-खाली सरकणाऱ्या बटणावर, म्हणजे फेडरवर. वाद्यवृंद खरा वाटेल की प्लॅस्टिकचा, हे ठरतं त्या डाव्या हातावर.

मूळ अडचण जुनी आहे. पट्टी कुठली दाबली आणि किती जोरात दाबली, एवढंच कीबोर्डला कळतं. व्हायोलिनच्या गजाचं खरं काम मात्र स्वर लागल्यानंतर सुरू होतं. स्वर फुगवायचा, धरून ठेवायचा, विरू द्यायचा. पियानोला हे जमत नाही. आपल्याकडे हा वाद हार्मोनियमच्या निमित्ताने रंगला. तिचे स्वर ठोकळेबाज, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढलं, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मींडेचा आक्षेप बरोबरच होता. पण पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, आणि तोच स्वराला दम देतो, हे त्या वादात बाजूला पडलं. माझं मत विचाराल तर भजनी मंडळात पेटी वाजवून आलेला पोरगा सॅम्पल्ड स्ट्रिंग्ज, म्हणजे रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं कीबोर्डवरून वाजवणं, लवकर शिकतो. पियानोच्या परीक्षा दिलेल्याला डावा हात सुरांवरून उचलून कामाला लावायलाच वेळ लागतो.

युरोपात हीच गोष्ट एका चेलोवादकाला सुचली. मॉरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने १९२८ साली आपलं विजेवरचं वाद्य लोकांपुढे आणलं. त्यात उजव्या हाताने सूर निवडायचा, आणि डाव्या बाजूच्या छोट्या खणातली एक कळ जितकी दाबावी तितका आवाज वाढायचा. कळ सोडली की शांतता. गजाचं काम एका बोटावर आलं होतं. १९७० साली आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने आवाज घडवणाऱ्या कीबोर्डवर, डाव्या हाताला दोन चाकं मिळाली, एक सूर वाकवायला आणि दुसरं, मॉड व्हील, मुख्यतः कंप द्यायला. हिंदी चित्रपटसंगीतात असे सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही जणांत केरसी लॉर्ड यांचं नाव घेतलं जातं.

त्या काळी मुंबईत खऱ्या व्हायोलिनांची कमतरता नव्हती. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याहून आलेले अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचणारे, नोटेशन लिहून द्यायचे, ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत वादकांच्या रांगा बसायच्या आणि गायकासकट गाणं एका टेकमध्ये व्हायचं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे गोन्साल्विस यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. पुढे प्रत्येक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड करणारं मल्टिट्रॅक आलं, कीबोर्ड आले आणि त्या रांगा आटत गेल्या. त्याची हळहळ खरी आहे. पण रोजच्या मालिकेच्या बजेटमध्ये तीस व्हायोलिनं कधी बसणारच नव्हती, हेही तितकंच खरं.

मिडी, म्हणजे विजेवरच्या वाद्यांना एकमेकांशी बोलायची समान भाषा, आलं १९८३ मध्ये. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने त्या जानेवारीत दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. मिडीतून आवाज जात नाही, जातात फक्त आकडे. सेकंदाला ३१,२५० बिट्स आणि प्रत्येक कंट्रोलरला, म्हणजे चाक-फेडरसारख्या नियंत्रणाला, ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या. क्रमांक १ मॉड व्हीलला, २ फुंकेच्या कंट्रोलरला, ७ व्हॉल्यूमला, ११ एक्स्प्रेशनला, म्हणजे वाजवतानाच्या चढ-उताराला. मॉड व्हील अजूनही कंप देण्यापुरतंच होतं. ते गजाच्या जागी आलं सॅम्पलिंगमुळे, म्हणजे खऱ्या वाद्याचे सूर रेकॉर्ड करून पट्ट्यांवर बसवण्यामुळे.

सॅम्पलिंगची पहिली अडचण जागेची. १९६० च्या दशकातल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असायचा. तो जेमतेम आठ सेकंद वाजायचा आणि संपायचा. १९८८ च्या अकाई एस१००० या सॅम्पलर यंत्रात मुळात २ एमबी मेमरी होती, म्हणजे सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज बारा सेकंदांच्या आत संपला. एवढ्याशा जागेत हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला षड्ज वेगवेगळा कुठे ठेवणार? म्हणून एकच रेकॉर्डिंग लहान-मोठं करायचं. खरी व्हायोलिनं जोरात वाजली की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळ आणि खरखरीत होतो. त्या काळच्या कीबोर्ड-स्ट्रिंग्ज लगेच ओळखू येतात त्या त्यामुळेच.

१९९८ साली गिगासॅम्पलर हा संगणकावरचा सॅम्पलर आला आणि त्याने आवाज थेट हार्ड डिस्कवरून वाचायला सुरुवात केली. मेमरीची भिंत पडली. आता प्रत्येक सुराचे तीन-चार थर ठेवता येऊ लागले, अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत. प्रश्न उरला या थरांतून फिरायचं कशाने. उत्तर मॉड व्हीलवर आलं. चाक वर नेलं की खालचा थर विरतो आणि वरचा उगवतो. सोळा व्हायोलिनांच्या ताफ्यात दोन थर एकमेकांत मिसळलेले कळत नाहीत, पण एकट्या व्हायोलिनला क्षणभर दोन माणसं वाजवताहेत असं ऐकू येतं. ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

अशा रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. २००० साली व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी सुरू झाली. तिचे संस्थापक हर्ब टुकमांडल हेही चेलोवादकच. त्यांच्या लोकांनी सुटे सूर तर घेतलेच, पण एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा सांधाही प्रत्येक अंतरासाठी वेगळा रेकॉर्ड केला. मींड नव्हे, पण तिच्या दिशेने टाकलेलं पाऊल. त्याची किंमत म्हणजे उशीर. काही लायब्रऱ्यांत नवा सूर पाव सेकंदाने पोचतो, म्हणून ट्रॅक तेवढा आधी सरकवावा लागतो.

हातात काय घडतं ते बघा. चार मात्रांच्या चार आवर्तनांत स्ट्रिंग्ज चढवायच्या आहेत. क्रमांक १ चा फेडर ३५ वर ठेवायचा, पहिली दोन आवर्तनं जेमतेम हलवायचा, मग वेगाने ९५ पर्यंत न्यायचा. पुढचा कॉर्ड लागण्याआधी किंचित खाली आणायचा, म्हणजे गज उलटल्यासारखं वाटतं. शेवट विझवायला क्रमांक ११ लागतो, कारण बऱ्याच लायब्रऱ्यांत क्रमांक १ शून्यावर नेला तरी सर्वात हळू थर वाजतच राहतो. हेच माउसने सरळ रेघ ओढून केलं की निर्जीव लागतं. ठाण्यात दोन कीबोर्डवाले भेटले की ‘कुठली लायब्ररी वापरतोस?’ हा प्रश्न आधी निघतो. डाव्या हाताने काय करतोस, हे विचारायला हवं.

२०१८ मध्ये एमपीई हे मिडीचं नवं मानक आलं. त्यात प्रत्येक बोटाखालचा सूर वेगळा दाबता आणि वाकवता येतो. २०२० च्या मिडी २.० मध्ये १२८ पायऱ्यांऐवजी कंट्रोलरला ३२ बिट्स मिळाले. पण बहुतेक स्ट्रिंग्ज लायब्रऱ्या अजून जुन्या आकड्यांवरच चालतात, आणि पायऱ्या ऐकू येऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअर मधले खड्डे भरून घेतं. बजेटला जरा हात मोकळा असला तर एक व्हायोलिनवादक बोलावून सॅम्पलच्या थरावर त्याचे दोन-तीन टेक चढवतात. तेवढ्यानेही फरक पडतो, कारण सुरुवातीच्या गजाची घासणी त्याच्याकडून येते आणि मागची गर्दी फेडरवरून.