पंकज चिखलात श्वास कसा घेतो?

मध्यंतरी नागपुरात मानेवाड्याला नात्यातल्या एका घरी बारसं होतं. आत्याच्या मनात ‘पंकज’ होतं. कुणीतरी मोबाईलवर नावांची यादी उघडली, त्यात अर्थ निघाला ‘चिखलात जन्मलेला’, आणि आजींनी तिथंच मोडता घातला. “चिखल काहून आणता पोराच्या नावात?” शेवटी ‘नीरज’ ठरलं. नीरज म्हणजे पाण्यात जन्मलेला. वनस्पती तीच, आणि त्या पाण्याखालचा चिखलही तोच.

आजींना चिखल नकोसा वाटला यात वावगं काही नाही. पण या नावातली सगळ्यात नवलाची गोष्ट त्या चिखलातच आहे, आणि ती नावांच्या कुठल्याच यादीत सापडत नाही, म्हणून हा लेख.

कमळाने आपल्याला किती नावं दिली ते आधी बघा. पंकज, नीरज, सरोज, अंबुज, जलज, अरविंद, राजीव, पद्मा, कमल, नलिनी, मृणाल. शाळेच्या एकाच वर्गात यातली तीन-चार सहज निघतील. यातली पहिली पाच पत्त्यासारखी आहेत: कुठे जन्मला, तर चिखलात, पाण्यात, सरोवरात. हा पत्ता वनस्पतीसाठी किती अवघड आहे, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. काळ्या मातीत आठवडाभर पाणी साचलं की तूर पिवळी पडते आणि मग सुकते. पाणी जास्त झालं म्हणून ती मेली, असं आपण म्हणतो. खरं तर तिची मुळं गुदमरतात. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन साधारण दहा हजार पट सावकाश पसरतो, आणि तळ्याच्या गाळात जो थोडाफार पोचतो तो जिवाणू आधीच संपवतात. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतला गाळ हाताने उकरला की वास येतो तो या ऑक्सिजनच्या अभावाचाच.

कमळाचा कंद नेमका याच गाळात आडवा पसरलेला असतो. मग तो जगतो कसा?

याचं उत्तर कमळकाकडीत, म्हणजे या कंदातच, आहे. जरीपटक्याच्या सिंधी घरांत तिची भाजी आवडीने होते. विळीवर तिची आडवी चकती कापून उजेडासमोर धरा. मधल्या गराभोवती सात-आठ मोठी, गोल, स्वच्छ भोकं आरपार दिसतात. या हवेच्या नळ्या आहेत. त्या कंदातून देठात शिरतात आणि देठातून थेट पानापर्यंत जातात. ‘मृणाल’ या नावाचा अर्थ बऱ्याच याद्यांमध्ये नुसता ‘कमळ’ असा दिलेला असतो, पण संस्कृतात मृणाल म्हणजे कमळाचा तंतुमय देठ किंवा कंद, म्हणजे हाच हवा वाहून नेणारा भाग. तो मोडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणले जातात. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींवरची ती स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, मोडल्यावर उलगडते. म्यानमारमध्ये इनले सरोवराकाठी या तंतूंचं कापड विणतात.

पण नळ्या असल्या म्हणून हवा आपोआप वाहत नाही, तिला रेटावं लागतं. कमळाला ना फुफ्फुस, ना हृदय. रेटा येतो तो पानातून, आणि यापुढचं जरा सावकाश वाचा.

कोणत्याही वायुमिश्रणाचा एकूण दाब म्हणजे त्यातल्या प्रत्येक वायूच्या दाबाची बेरीज. हा डाल्टनचा नियम आपण शाळेत शिकलो. पानाच्या आतली पोकळी कायम बाष्पाने भरलेली असते. 35 अंशाला संपृक्त बाष्पाचा दाब पाऱ्याच्या 42 मिलिमीटरएवढा असतो. वातावरणाचा एकूण दाब 760 धरला, तर आत ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या वाट्याला उरतात 718. बाहेर उन्हाळ्याची कोरडी हवा आहे, तिच्यात बाष्पाचे 15 मिलिमीटर आहेत असं समजा; म्हणजे बाहेर याच दोन वायूंचे 745. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पसरतात, म्हणून बाहेरचे ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत शिरू लागतात. आतलं बाष्प बाहेर जातं हे खरं, पण पेशींच्या ओल्या भिंतींवरून नवं बाष्प सतत तयार होत राहतं, त्यामुळे आतला हिशोब बदलत नाही. परिणामी आतला एकूण दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो.

मग ही वाढलेली हवा आली त्या वाटेने परत का जात नाही? कारण ती वाट अतिशय अरुंद आहे. एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून बारीक छिद्रांतून रेणू एकेकटे पसरू शकतात, पण हवेचा झोत दाबाने बाहेर पडायला तिथं फार अडथळा होतो. देठाची नळी मात्र रुंद आणि मोकळी. म्हणून हवा खाली जाते: देठातून कंदात, गाळापर्यंत. वरच्या आकडेमोडीतला 27 मिलिमीटरचा फरक ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्याचा थोडाच भाग हाती लागतो, पण हवा वाहती ठेवायला तेवढा पुरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात जो कोरडेपणा आपला कूलर चालवतो, तोच कमळाचा हा पंपही चालवतो. बाहेरची हवा दमट झाली की दोघांचाही जोर ओसरतो.

कंदापर्यंत गेलेली हवा दुसऱ्या नळ्यांनी वर येते आणि पानाच्या अगदी मधोमध, देठ जुळतो तिथल्या फिकट चकतीतल्या मोठ्या पर्णरंध्रांतून बाहेर पडते. ऊन असताना त्या चकतीवर पाणी साचलेलं असेल तर बुडबुडे दिसतात. राफेनो-दलील या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने कमळाच्या पानांच्या या श्वसनाबद्दल 1841 मध्येच लिहिलं होतं. ही रंध्रं उघडझाप करून प्रवाहावर ताबाही ठेवतात, हे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या रॉजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे दाखवलं. याच सेमूर यांनी 1996 मध्ये आणखी एक गोष्ट जगापुढे आणली होती: बाहेर 10 अंशांची थंडी असली तरी उमलतं कमळ स्वतःचं तापमान 30 ते 36 अंशांच्या दरम्यान राखतं.

नावाच्या अर्थाने मुलाचं नशीब बदलतं, याला मात्र कसलाही पुरावा नाही. नक्षत्रावरून काढलेल्या अक्षराला नाही, आणि पैसे घेऊन स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घालणाऱ्यांच्या सल्ल्यालाही नाही. पूर्वी मुलं जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवत. त्या आईबापांची भीती खरी होती, पण पुढे मुलं वाचली ती लशींमुळे आणि स्वच्छ पाण्यामुळे.

आता ‘कुमुद’, ‘कुमुदिनी’ आणि ‘उत्पला’. याद्यांमध्ये यांनाही सरसकट कमळ म्हणतात, पण या पाणलिली आहेत. तिचं पान पाण्यावर टेकलेलं असतं आणि त्याला देठापर्यंत खाच असते. कमळाचं पान गोल, बिनखाचेचं, आणि बहुतेक वेळा पाण्याच्या वर उभं. दोघींचं नातंही फार दूरचं. जनुकांच्या अभ्यासात कमळाचे जवळचे नातलग निघाले ते काश्मिरातल्या चिनाराचे वृक्ष, आणि पाणलिलीची शाखा तर दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच वेगळी झाली. तरीही पाणलिलीच्याच कुळातल्या एका पिवळ्या फुलाच्या जातीत, अमेरिकेतल्या जॉन डेसी यांना 1980 मध्ये हाच आतला वारा सापडला. तिथं कोवळी पानं हवा आत रेटतात आणि जुन्या पानांतून ती बाहेर पडते.