भारताचे चालू खाते

परदेशांशी होणारी वस्तू-सेवांची खरेदी-विक्री, गुंतवणुकीवरचे व्याज-लाभांश आणि परदेशातून घरी येणारा पैसा यांचा एकत्रित हिशेब म्हणजे चालू खाते. व्यवहारतोलाचा, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या सगळ्या पैशाच्या व्यवहारांच्या ताळेबंदाचा, हा एक भाग असून त्याचे आकडे रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जाहीर करते. कर्जे, ठेवी आणि थेट गुंतवणूक भांडवली खात्यात जातात. चालू खात्यातली तूट तिथल्या पैशाने भरून निघते. तो आटला की परकीय चलनाच्या गंगाजळीला हात घालावा लागतो.

वर्तमानपत्रांत दरमहा गाजते ती व्यापारतूट, म्हणजे फक्त मालाच्या आयात-निर्यातीतला फरक. तेवढ्यावरून देशाची तब्येत जोखू नये. २०२३-२४ मध्ये मालाची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर आणि आयात सुमारे ६७८ अब्ज डॉलर होती, तरी चालू खात्याची तूट जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) एका टक्क्याच्या आत राहिली. मधला खड्डा बुजवला तो सॉफ्टवेअर व इतर सेवांनी आणि परदेशस्थ भारतीयांच्या कमाईने. या कमाईत एकेकाळी केरळचे नाव पुढे असे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०-२१ आणि २०२३-२४ च्या पाहण्यांत सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा आहे. नोंदीची रीतही मजेशीर आहे. अनिवासी मुलाने रुपयांत ठेव ठेवली की ती भांडवली खात्यात. त्याच ठेवीतून घरखर्चाला पैसे काढले की ते चालू खात्यात, कौटुंबिक मदत म्हणून.

मालाच्या बाजूला खरा भार कच्चे तेल आणि सोने यांचा. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते. त्यातले काही जामनगरला शुद्ध होऊन डिझेल-पेट्रोलच्या रूपाने परत जाते. कच्चे हिरेही असेच येतात, सुरतेत पैलू पाडून घेतात आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारातून बाहेर पडतात. त्यामुळे निर्यातीच्या आकड्यातला बराच भाग आधी आयातीत मोजलेला असतो. सराफांसाठी आलेले सोने आयात ठरते. रिझर्व्ह बँकेने स्वतः घेतलेले मात्र गंगाजळीत धरले जाते.

१९९०-९१ मध्ये तूट जीडीपीच्या सुमारे ३ टक्के होती. आखाती युद्धाने तेल महागले, कुवेतमधले भारतीय मायदेशी परतले, अनिवासींनी ठेवी काढून घेतल्या. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले. त्याच महिन्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. २०१२-१३ मध्ये तूट ४.८ टक्क्यांवर, म्हणजे १९९१ पेक्षाही वर गेली. पण या वेळी गंगाजळी भक्कम होती. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पार घसरला. सोन्यावरचे आयातशुल्क १० टक्के झाले, आयात केलेल्या सोन्यापैकी पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखण्याची अट आली आणि पुढच्या वर्षी तूट १.७ टक्क्यांवर उतरली. चोरट्या सोन्याचा धंदा याच काळात फोफावला, हेही नोंदवायला हवे.

चालू खात्यात शिल्लक क्वचितच दिसते. २००१-०२ पासून सलग तीन वर्षे ती होती. २०२०-२१ मध्ये पुन्हा जीडीपीच्या ०.९ टक्के शिल्लक पडली, पण ती टाळेबंदीत मागणी आणि आयात आटल्यामुळे. व्यवहार सुरू होताच २०२१-२२ मध्ये तूट परतली.