गद्धेगाळ

दिलेले दान मोडणाऱ्याला आईवरून घातलेली शिवी, तसेच ती शिवी कोरलेला किंवा चित्रित केलेला दगड. उत्तर कोकणात शिलाहार राजांच्या काळापासून असे दगड मिळतात. गोवा व कर्नाटकातही आढळतात. माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये लेख, तळाशी गाढव व स्त्री, अशी सामान्य रचना. काहींवर लेख नसून केवळ शिल्प असते.

मुंबईतला महत्त्वाचा नमुना परळचा. शिलाहार राजा दुसऱ्या अपरादित्याच्या काळातील हा लेख शके ११०८ चा (इ. स. सु. ११८७) मानतात. षट्षष्टी म्हणजे साष्टीतील एका वाडीचे २४ द्रम्म (तत्कालीन नाणी) उत्पन्न वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिल्याची त्यात नोंद आहे. दानाचा मजकूर संस्कृतात, शाप मात्र मराठीत: ‘अथ तु जो कोणु हुवि ए शासन लोपी तेया श्रीवैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडे । तेहाची माय गाढवे झविजे’. ज्यांच्याकडून दानभंग होण्याची भीती, त्या गावकऱ्यांना व अंमलदारांना शाप कळावा म्हणून बोलीचा आश्रय घेतला असावा. छापताना यातले क्रियापद गाळून टिंबे देण्याचा प्रघात योग्य नाही. बाराव्या शतकातील मराठीचा, त्यातही ‘-इजे’ या कर्मणी रूपाचा, तो अस्सल पुरावा आहे.

अलिबागजवळच्या अक्षी लेखाचा काळ वादग्रस्त आहे. एक वाचन शके ९३४ (इ. स. १०१२) देते, त्यानुसार तो मराठीतील आद्य लेखांपैकी ठरतो. दुसरे वाचन शके ११३२. लेखातील केसीदेवराय म्हणजे शिलाहार राजा पहिला केशीदेव (अरिकेसरी) की दुसरा, यावर बरेच अवलंबून आहे. दुसऱ्या केशीदेवाची कारकीर्द तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली असल्याने उत्तरकालीन वाचन अधिक सयुक्तिक वाटते. तथापि अंक झिजलेले असल्याने निर्णय सावधपणेच घ्यावा.

शिल्पाच्या अर्थाबाबतही दोन मते आहेत. स्त्री म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे तिला येणारे वांझपण, असे काही अभ्यासक मानतात. उजाड केलेल्या गावावर गाढवाचा नांगर फिरवण्याची प्रथा ते आधाराला घेतात. पण लेखात ‘माय’ स्पष्ट असल्याने सरळ अर्थच आधी घ्यावा लागतो. ती शिवी आहे, आणि राजशासनाने घातलेली आहे. आज मुंबईत लोकलच्या डब्यात दोस्तांत आईवरून शिवी सहज निघते, छापताना मात्र पहिले अक्षर आणि टिंबे. इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द सार्वजनिक जागी उच्चारणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली (पूर्वीचे भारतीय दंडसंहितेचे कलम २९४) गुन्हा ठरतो.

यादवांनंतरही शिवी टिकली, नागावच्या शके १२८९ च्या (इ. स. १३६७) लेखात ती आहे. पुढे सुलतानी अमलात हिंदूस गाईची व मुसलमानास डुकराची शपथ घातलेले दगड दिसू लागतात.