पायडलमधला धर्मकाटा

मे महिन्यात भाचा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढून आला आणि घाम पुसायच्या आधी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. "मामा, घाटात एकशे सत्त्याहत्तर वॉट पडले. अन् अमरावतीचा माझा दोस्त म्हणते का त्याचे दोनशेच्या वर आले. हे मशीन लबाड तं नाही ना?"

मशीन म्हणजे पॉवर मीटर. डाव्या क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं त्याच्या, आतल्या अंगाला चिकटवलेली काडेपेटीएवढी डबी. सेकंडहँड घेतली तरी त्या पैशात गावात दोन साध्या सायकली आल्या असत्या. पायडल मारताना किती वॉट निघतात हे ती हँडलवरच्या पडद्यावर दाखवते, आणि कंपनी म्हणते की चूक फार तर दोन टक्के. मी बारावीला फिजिक्स शिकवतो. मामाला असा प्रश्न विचारल्यावर मामा गप्प बसेल कसा?

शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले फिरण्याचा वेग, हे अकरावीतच होऊन जातं. वेग मोजणं सोपं आहे, फेऱ्या मोजल्या की झालं. खरी मेख टॉर्कमध्ये आहे, आणि तो मोजायची युक्ती आमच्याकडच्या कापूसवाल्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. जिनिंगवर ट्रॅक्टर ज्या काट्यावर चढतो, त्या काट्याखाली लोडसेल असतात, म्हणजे वजनाने आपण किती दबलो ते विजेच्या संकेतात सांगणारे धातूचे ठोकळे. पॉवर मीटर म्हणजे तोच लोडसेल, फक्त पायाखाली आणलेला. जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये सायकलवर ही करामत बाजारात आणायला सुरुवात केली.

क्रँक हा अ‍ॅल्युमिनियमचा चांगला जाड दांडा. पण पाय पडला की तोही वाकतो. डोळ्याला कधीच दिसणार नाही, पण एका अंगाने ताणला जातो आणि दुसऱ्या अंगाने दाबला जातो. हे ताणणं दहा लाखांत तीनशे भागांच्या घरातलं धरू, म्हणजे मीटरभर दांड्यात एक तृतीयांश मिलिमीटरही नाही. या पृष्ठभागावर नागमोडी धातूची एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. क्रँकबरोबर ती ताणली गेली की लांब आणि बारीक होते, आणि तिचा विद्युत रोध वाढतो. ताणलेल्या तारेचा रोध बदलतो हे केल्व्हिन यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. पण तार वस्तूला चिकटवून मोजायची कल्पना १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना वेगवेगळी सुचली. पट्टीचा मूळ रोध ३५० ओहम असेल, तर आपल्या तीनशे भागांनी तो फक्त ०.२१ ओहमने वाढतो. भाच्याची सगळी मर्दुमकी या ०.२१ ओहमात!

आता यात आपलं ऊन घाला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत २३ भाग वाढतं. पहाटे पाचला २६ अंश, दहा वाजता रस्त्यावर सायकल तापून ४६. वीस अंशांचा फरक, म्हणजे ४६० भाग. पायाने ताण दिला तीनशेचा आणि सूर्याने चारशे साठचा! पट्टी स्वतःही थोडी प्रसरण पावते, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही, पण काहीच केलं नाही तर मीटर भाच्याऐवजी सूर्याची ताकद मोजत बसेल.

यावरचा तोडगा मला इतका आवडतो की वर्गात मी त्यावर एक तास जादा घालवतो. व्हीटस्टनचा सेतू. चार रोध चौकोनात जोडायचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना बॅटरी लावायची आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमधला विद्युतदाबाचा फरक मोजायचा. चारही रोध सारखे असले की फरक शून्य. आता दोन पट्ट्या क्रँकच्या ताणल्या जाणाऱ्या अंगाला आणि दोन दाबल्या जाणाऱ्या अंगाला लावा, आणि सेतूत अशा जोडा की ताणाच्या दोघी समोरासमोर येतील. पाय पडला की दोघींचा रोध वाढतो, दोघींचा घटतो, तराजू एकीकडे झुकतो आणि संकेत एका पट्टीच्या चौपट होतो. ऊन मात्र चौघींना सारखंच तापवतं, म्हणून तराजू जागचा हलत नाही. ऊन आपोआप वजा! एकही गणित न करता, नुसत्या जोडणीने.

अर्थात चार पट्ट्या कधीच हुबेहूब नसतात, डिंकही सगळीकडे सारखा बसत नाही. थोडं ऊन झिरपतंच. समजा त्यामुळे पायडल मोकळं असतानाही मीटरला एक न्यूटन-मीटर टॉर्क दिसला. मिनिटाला ९० फेऱ्यांवर हे झाले ९.४ वॉट. आणि डाव्या क्रँकचं मीटर आकडा दुप्पट करून दाखवतं, म्हणून जवळजवळ १९ वॉट, तेही फुकटचे. याच्यासाठी 'झिरो' करायचं बटण असतं. काट्यावर ट्रॅक्टर चढवण्याआधी आमचा शेतकरी आकडा शून्यावर आहे का ते बघतो, नाहीतर काटा मारला गेलाच म्हणून समजा. भाचा झिरो करत होता, पण घरात, पंख्याखाली. सायकल बाहेर पंधरा मिनिटं निंबाखाली उभी ठेवून मग करायला हवं होतं. शिवाय तापलेलं अ‍ॅल्युमिनियम किंचित मऊ पडतं, वीस अंशांत साधारण एक टक्का. मीटरच्या आत त्याची दुरुस्ती नसेल, तर झिरोचं बटण कितीही दाबा, हा टक्का जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किराणा दुकानातून शिक्का मारलेली पाच किलोची चार लोखंडी वजनं आणली. मागचं चाक बांधून ठेवलं, क्रँक आडवा केला आणि वजनांची पिशवी पायडलच्या आसाला लटकवली. २० किलो, गुणिले ९.८१, गुणिले क्रँकची लांबी ०.१७ मीटर, उत्तर ३३.४ न्यूटन-मीटर. ॲपमध्ये आले ३२.६. सव्वादोन टक्के कमी. (पिशवी दोन ग्रॅमची आहे की दोनशेची, हे दुकानदाराने विचारलं. शंका रास्त होती, आम्ही पातळ प्लास्टिकची घेतली.) क्रँक पाच अंश तिरका राहिला तरी ०.४ टक्के जातात, तेव्हा कंपनीला खोटं ठरवण्याइतका माझा प्रयोग पक्का नाही.

खरी गोम वेगळीच आहे. मीटर फक्त डावा पाय बघतं आणि उजवा तसाच असेल असं गृहीत धरून दुप्पट करतं. भाच्याचा डावा घोटा लहानपणी बैलबंडीवरून पडून मोडला होता. डाव्याचा वाटा ४७ टक्के धरला, तर मीटर तिथेच सहा टक्के कमी दाखवणार.

मग घाटालाच साक्षीला बोलावलं. ५०० मीटर उंचीचा टप्पा, लांबी दहा किलोमीटर, वेळ ४० मिनिटं. सायकल आणि बाटल्या धरून भाचा ७६ किलो. नुसतं वर उचलायला ३७३ किलोज्यूल लागले, म्हणजे सरासरी १५५ वॉट. टायरचं घर्षण साधारण १५, वारा १५, चेनमध्ये पाचेक. एकूण १९०. त्यातून पायाचे सहा आणि काट्याचे सव्वादोन टक्के काढले की उरतात १७५. पडद्यावर १७७ होते. मी खूश झालो, पण वाऱ्याचा अंदाज माझाच होता. तो दहा वॉटने चुकला तर घोट्याची थिअरी कोलमडते. घाट मीटरची पंधरा टक्क्यांची चोरी पकडेल, दोन टक्क्यांची नाही.

यावरून एक सांगतो. बहिणीने हँडलला लिंबू-मिरची बांधली आहे, ती वीसेक ग्रॅमची आहे, असू द्या. पण भाच्याच्या मनगटात एक चुंबकाचं कडं आलं आहे, ते म्हणे ताकद वाढवतं. उद्या तो तीन टक्के वाढ दाखवेल, आणि ती सकाळच्या आणि दहाच्या उन्हातल्या फरकात सहज बुडालेली असेल.

भाच्याचे बाबा हे सगळं ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "फवारणीच्या दिवशी मले लाव ते मशीन." पाठीवर वीस किलोचा पंप घेऊन उभा राहिलेला माणूस फिजिक्सच्या हिशेबात शून्य काम करतो, हे त्यांना सांगायला जीभ रेटेना. पण मीटरचीही गत तीच. शरीरातल्या ऊर्जेपैकी वीस-पंचवीस टक्केच पायडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते, आणि ती मीटरला दिसत नाही. ४४ अंशांत धडधडणारं काळीज त्याला ऐकू येत नाही. १७७ वॉट पहाटेचे आणि १७७ वॉट दुपारचे त्याच्या लेखी एकच.

अमरावतीचा दोस्त भाच्यापेक्षा बारा किलोने जड आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोच घाट तेवढ्याच वेळात चढायला त्याला नुसत्या वजनापोटी पंचवीसेक वॉट जास्त लागतात. "हे आधी काऊन नाही सांगितलं?" असं विचारलं, तर भाचा म्हणाला, "तुम्ही इचारलंच कुठं?"