भाकिताच्या इंग्रजी शब्दजोड्या

पुढे काय घडणार हे सांगताना इंग्रजीत कोणते नाम कोणत्या क्रियापदाबरोबर नांदते, हे बऱ्याच अंशी रूढीने ठरलेले आहे. मराठीतही अंदाज बांधतात, भाकीत वर्तवतात आणि कौल लावतात. यांची अदलाबदल केली तर कानाला खटकते. इंग्रजीत ‘प्रेडिक्शन’ला ‘मेक’ लागते. ‘भाकीत करणे’ डोक्यात ठेवून कोणी ‘डू अ प्रेडिक्शन’ म्हणाले, की मूळ भाषा उघडी पडते.

‘फोरकास्ट’ हा शब्द जुनाच, पण हवामानाशी त्याची गाठ घातली ती रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगभर फिरला त्याचे हे कप्तान १८५४ पासून ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचे प्रमुख होते. १८५९ च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून शेकडो माणसे दगावली, तेव्हापासून त्यांनी वादळाच्या इशाऱ्यांचा ध्यास घेतला. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचा हवामानाचा अंदाज छापून आला. ‘प्रॉफेसी’ (भविष्यवाणी) आणि ‘प्रेडिक्शन’ हे दोन्ही शब्द त्यांना मुळीच नको होते. निरीक्षणे आणि गणित यांच्या मेळातून निघालेले मत तेवढे ‘फोरकास्ट’, असे ते बजावत. पंचांगकर्त्यांच्या पंगतीत बसायची त्यांची तयारी नव्हती, हे उघड आहे. ‘वेदर फोरकास्ट’ ही जोडी रुळली. पुढे विक्रीलाही ‘सेल्स फोरकास्ट’ मिळाला. गंमत अशी, की समीकरणे सोडवून अंदाज काढण्याच्या आजच्या पद्धतीचे नाव मात्र ‘न्यूमेरिकल वेदर प्रेडिक्शन’. नाकारलेला शब्द मागच्या दाराने आत आला.

लोकसंख्येबाबत ‘प्रोजेक्शन’ वापरतात. त्यात ‘जन्म-मृत्यूचे प्रमाण असे असे राहिले तर’ ही अट गृहीत असते, म्हणून आकडा चुकला तरी दोष त्या अटीवर ढकलता येतो. ‘प्रॉफेसी’ मात्र ‘कम ट्रू’ होते, म्हणजे खरी ठरते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये ‘सेल्फ-फुलफिलिंग प्रॉफेसी’ ही संकल्पना मांडली. त्यांचे उदाहरण बँकेचे: बँक बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार पैसे काढायला रांगा लावतात आणि धडधाकट बँक खरोखरच बुडते.

‘फोरसी’ला, म्हणजे आधीच दिसण्याला, बहुधा अडचणीच आवडतात: ‘फोरसी अ प्रॉब्लेम’, ‘फोरसी डिफिकल्टीज’. निष्काळजीपणाच्या दाव्यांत ‘रीझनेबली फोरसीएबल’ ही जोडी कळीची असते, कारण नुकसान आधी दिसण्याजोगे होते का, हे न्यायालय तपासते. ज्योतिषी मात्र ‘टेल युअर फॉर्च्युन’ करतो. एखादी गोष्ट घडण्याचा रंग दिसत असेल तर ब्रिटिश माणूस ती ‘ऑन द कार्ड्स’ आहे म्हणतो, अमेरिकन ‘इन द कार्ड्स’.