पार्श्वभूमी : तुरुंगातून सुटलेल्या माणसाकडे लक्ष कोणाचं?

विनायक दामोदर सावरकर ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्यातून सुटले, पण मोकळे झाले नाहीत. परवानगीशिवाय रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही आणि राजकारणात पडायचं नाही, अशा अटी होत्या. मुदत पाच वर्षांची. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. सुटकेनंतरच्या देखरेखीचं कोकणातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण हे, पण ते राजबंद्याचं. चोरी, मारामारी किंवा बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनाची शिक्षा भोगून गावी परतणाऱ्याबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नाही.

त्याच्यावर नजर ठेवायची सोय सरकारनं फार आधी करून ठेवली होती. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटलाला गावातली खबर वर पोचवायला बांधून घेतलं. १८९८ च्या फौजदारी संहितेनुसार, काही गुन्ह्यांत पुन्हा शिक्षा झालेल्यानं सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता कळवत राहावं, असा हुकूम न्यायालय देऊ शकत असे. १९७३ च्या संहितेतही ही तरतूद राहिली. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा दुसऱ्या टोकाला गेला : ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं. सावरकरांना जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती, तडीपाराला जिल्ह्यात यायची!

आधाराचं काम मात्र धर्मादायावर राहिलं. सुटलेल्या कैद्याच्या पुनर्वसनावर अधिकृतपणे भर दिला तो १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनं, आणि तोही मुख्यतः मदत करणाऱ्या खासगी संस्थांच्या भरवशावर.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, ही सुटकेनंतरची व्यवस्था आहे असं अनेकांना वाटतं. मुंबई प्रांताचा १९३८ चा कायदा आणि नंतरचा १९५८ चा केंद्रीय कायदा, दोन्ही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडण्यासाठी आहेत. तुरुंगात जाऊन आलेल्याला आधार देण्याचं काम ‘अनुरक्षण’ (आफ्टरकेअर) या शब्दाखाली येतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या परिविक्षा व अनुरक्षण संघटनांच्या नावात दोन्ही शब्द आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्यांची ओळख मुलांचं निरीक्षणगृह चालवणारी संस्था अशीच आहे. परिविक्षा अधिकारीही महाराष्ट्रात तुरुंग खात्याचा नसून महिला व बाल विकास विभागाचा असतो. सुटून आलेला चाळिशीतला माणूस त्या कार्यालयाची पायरी चढेल कशाला?

कोकणात खरा आधार मुंबईचा होता. पोराचं नाव गावात खराब झालं की त्याला मुंबईला पाठवायचं, ही जुनी रीत. गिरणगावात गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या होत्या. तिथे पथारी मिळे आणि ओळखीनं बदली कामगार म्हणून चिकटता येई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि ही वाटही अरुंद झाली. अनुरक्षणाच्या कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा त्या खोल्यांनी जास्त माणसं सावरली असावीत, असं माझं मत आहे. त्यांची नोंद अर्थातच कुठल्या अहवालात नाही.

शिक्षा चालू असताना गावाशी नातं टिकवणारी सरकारी सोय म्हणजे कैद्याला मिळणारी रजा. १९५९ च्या नियमांनी संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) दिली. पहिलीचे दिवस शिक्षेत धरले जातात, दुसरीचे नाहीत. दोन्हींसाठी पोलिसांचा अहवाल लागतो आणि जबाबदारी घेणारा नातेवाईक लागतो. अर्ज गणपतीसाठी असो की आईच्या आजारपणासाठी, घर गावाकडे बंद आणि जामीन राहणारा भाऊ डोंबिवलीत असेल तर चौकशीचा कागद दोन पोलीस ठाण्यांत फिरतो.

तुरुंग सुधारणांसाठी नेमलेल्या १९८०-८३ च्या मुल्ला समितीनं अनुरक्षण ही सरकारचीच जबाबदारी मानली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा आली. त्याआधी २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांना नमुना कारागृह कायदा पाठवला. त्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाची तरतूद आहे, आणि रजेवरच्या कैद्याच्या अंगावर माग काढणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्याचीही. तुरुंग हा विषय राज्याचा असल्यानं यातलं काय आधी अमलात आणायचं हे राज्यानंच ठरवायचं आहे.